यंत्रातले ग्रह

शहागडच्या अलीकडे, महामार्गाला खेटून काकासाहेबांचा गूळ पावडरचा कारखाना आहे. त्या दिवशी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. उसाचे ट्रॅक्टर रांगेत तसेच सोडून ड्रायव्हर आत घुसले होते. गावातल्या बाया लेकरं काखेला मारून आल्या होत्या. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले "क्या चालू है भाई?" म्हणत डोकावत होते आणि डोकावले की तिथलेच होऊन जात होते. सगळ्यांच्या नजरा खिळल्या होत्या उसाच्या चरकाला जोडलेल्या, छातीएवढ्या उंचीच्या निळ्या गिअरबॉक्सवर. त्याला झेंडूचा हार घातला होता. पुढं नारळ फुटले होते आणि सारख्या बंद पडणाऱ्या चरकावर उतारा म्हणून बोलावलेले ग्रहेश्वर महाराज धुपाच्या धुरात डोळे मिटून उभे होते.

काकासाहेबांची लेक सत्यशीला गर्दीच्या कडेला, भिंतीला टेकून उभी होती. जालन्याच्या तंत्रनिकेतनात ती यंत्रशास्त्र शिकवायची. सुट्टीला म्हणून घरी आलेली. आल्या आल्या हे बघावं लागलं.

महाराजांनी डोळे उघडले.

"भक्तांनो, या यंत्राचं नाव काय? प्ल्यानेटरी! प्ल्यानेट म्हंजे काय? ग्रह! गोऱ्या सायबाला कळलं, तुम्हाला न्हाई कळलं! या लोखंडाच्या पोटात सूर्य कोंडलाय. मधोमध सूर्य आन् भवती त्याचे ग्रह फिरून राह्यले. रात न्हाई, दिवस न्हाई! असा जिता सूर्य दारात बांधल्यावर त्याची पूजा कोणी करायची? तुमच्या बापानं?"

"बराबर हाय महाराज!" गर्दी म्हणाली.

सत्यशीलेला हसू आलं. मधल्या दातेरी चाकाला सूर्यचक्र म्हणतात, त्याच्याभोवती फिरणाऱ्या लहान चाकांना ग्रहचक्रं म्हणतात, हे गेल्या साली तिनंच अण्णांना, म्हणजे काकासाहेबांना, समजावून सांगितलं होतं. अण्णांनी ते महाराजांच्या कानात ओतलं आणि महाराजांनी त्याचं पुराण करून परत अण्णांनाच विकलं.

"महाराज," ती मोठ्यानं म्हणाली, "सूर्याला ग्रह आठ. या डब्यात चारच बसवलेत. बाकीचे चार रजेवर गेलेत का?"

दोन-चार ड्रायव्हर फिसकन हसले. काकासाहेबांनी असं काही बघितलं की हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. महाराज मात्र कच्चे नव्हते. "शिकलेली लेक हाय," ते गोड आवाजात म्हणाले. "आकडे मोजणार. आपण कारण शोधू. सूर्याला ग्रहण लागल्याबिगर यंत्र असं थांबत न्हाई. ह्या आवारात कोणाची तरी सावली पडून राह्यली. पांढऱ्या पायाची बाई हाय इथं."

गर्दीतल्या माना एका दिशेला वळल्या. तिकडं साखराबाई उभी होती, हातात चिपाडं ओढायचं दाताळं घेऊन. तिचा नवरा मेंढरं घेऊन नदीपलीकडं गेला होता, तिकडंच साप चावून मेला. तेव्हापासून ती कारखान्यात चिपाडं आवरायच्या कामावर होती. कामाला चोख, बोलायला कमी.

"म्या काय केलं?" ती म्हणाली.

"तू न्हाई केलं, माय. तुझ्या पायानं केलं," महाराज म्हणाले. "ये. देवच सांगेल. ह्या यंत्राच्या बुडाशी नळ हाय. तू फिरव. काळं तेल आलं तर तू निर्दोष. रगत आलं तर सूर्य रडतो म्हणायचं."

ती हलेना. तेव्हा चरक चालवणाऱ्या कारभारी नावाच्या कामगाराची बायको चांगुणाबाई पुढं झाली आणि तिनं साखराबाईचा दंड धरून तिला ओढत नेलं. "खरी असशील तर भेती कशाला?" असं म्हणत तिनं तिचा हात नळावर दाबला.

नळ फिरला आणि खालच्या पांढऱ्या परातीत लालभडक धार पडली.

एक किंकाळी उठली. ती कोणाची ते कळलं नाही. मग कुणीतरी "चेटकीण!" म्हणालं आणि तो शब्द आग लागावी तसा पसरला.

"थांबा!" सत्यशीला गर्दीत घुसली. "दुसऱ्या कोणाला तरी फिरवू द्या नळ! मी फिरवते! अण्णा, तुम्ही फिरवा!"

महाराजांचा शिष्य देवानंद यानं झटकन नळ बंद केला आणि त्यावर लाल फडकं बांधलं. "देवाला दोनदा इचारायचं नसतं," महाराज म्हणाले. "कोप होतो."

कोप व्हायला नको म्हणून मग माणसंच कोपली. कुणी साखराबाईचं दाताळं हिसकावलं, कुणी केस धरले. सत्यशीला मध्ये पडली तेव्हा तिच्याही पाठीत दोन बसले, पण मालकाची लेक म्हणून हात आवरले गेले. साखराबाईसाठी कोणी हात आवरला नाही. संध्याकाळपर्यंत तिचं पालासारखं खोपट मोडलं होतं आणि ती डोक्यावर बोचकं घेऊन बदनापूरकडं, बहिणीकडं निघून गेली होती. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

आत फक्त पूजा उरली होती. गिअरबॉक्सभोवती आणि भिंतीवरच्या वीज पॅनलभोवती पडदे लावून देवानंद बराच वेळ आत होता. "ग्रहबंधन" चाललं होतं म्हणे. बाहेर आला तेव्हा पॅनलच्या दाराला लाल धागा, लिंबू आणि काळी बाहुली बांधलेली होती.

"हे दार उघडायचं न्हाई," महाराजांनी बजावलं. "यंत्रातलं तेलबी बदलायचं न्हाई. सूर्याच्या रगतातच ग्रह न्हाऊ द्या. उघडाल तर माझी जबाबदारी न्हाई."

त्या रात्री घरात बापलेकीचं भांडण झालं, ते शेजारच्या वस्तीवर ऐकू गेलं.

"अण्णा, चरक का थांबायचा ते मी सांगते. तुम्ही ह्या हंगामात चरकाच्या गव्हाणीत दुप्पट ऊस टाकायला लावता. भार वाढला की मोटर जास्त करंट ओढते आणि पॅनलमधला रिले सप्लाय तोडतो. त्यासाठीच तो बसवलाय. तो तुम्हाला सांगतोय, बास करा म्हणून!"

"भार वाढला म्हणती! मी गिअरबॉक्स घेताना दुकानदाराला इचारलं न्हाई का? इतका जोर घेतो म्हणून त्यानं आकडा दाखवला. त्या आकड्याच्या आतच हावोत आपण."

"कोणता आकडा? डब्यावर ठोकलेल्या पट्टीवर जोराचे दोन आकडे आहेत. तुम्ही मोठा वाचला."

"मंग मोठाच वाचायचा ना!"

सत्यशीलेनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अण्णा, मोंढ्यातला हमाल क्विंटलचं पोतं पाठीवर घेतो का नाही?"

"घेतो."

"घेऊन ट्रकपर्यंत जातो. तेच पोतं पाठीवर देऊन त्याला शहागडहून जालन्याला चालत पाठवाल? रोज? हंगामभर?"

"मरंल तो."

"तसंच आहे हे. मोठा आकडा म्हणजे झटक्याला, क्षणभर किती सोसेल तो. लहान आकडा म्हणजे रोज, अखंड, वर्षानुवर्षं किती ओढेल तो. आपला चरक तर सरळ ओढतच नाही. मोळीत दगड येतो, मुळ्या येतात, कधी गव्हाण तुंबते, कधी एकदम सुटते. असे हिसके बसणाऱ्या कामाला लहान आकड्याच्याही खाली राहायचं असतं. आणि उष्णता तर हिशेबात धरलीच नाही आपण. उन्हात पत्र्याखाली तो डबा तापून लाल होतो. दात तुटायच्या आधी तेल निकामी होतं."

काकासाहेब ऐकत होते. एका क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, असं तिला वाटलं. पण ते उठले. "उसाच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्यात. शेतकरी मला शिव्या घालून राह्यले. तू म्हणती ऊस कमी टाक. महाराज म्हणतेत, बिनघोर टाक. कोणाचं ऐकू?"

"आणि साखराबाई?"

काकासाहेब पायात चपला सरकवून बाहेर पडले. सत्यशीला सकाळच्या एसटीनं जालन्याला निघून गेली.

आणि मग चमत्कार झाला. चरक थांबेनाच! पूर्वी दिवसातून कैकदा बंद पडणारा तो चरक आता धडधडत चालायचा. गव्हाण गच्च भरली तरी थांबायचा नाही. उसाची रांग ओसरली. शेतकऱ्यांनी महाराजांचे फोटो ट्रॅक्टरच्या काचेला चिकटवले. कुणी व्हिडिओ काढला, "यंत्राला फुटलं रक्त" असं नाव देऊन सोडला, तो अंबडपासून जुन्या जालन्याच्या धान्याच्या दुकानांपर्यंत मोबाइलवर फिरला. महाराजांना जिनिंग मिलवाल्यांची, खडी क्रशरवाल्यांची बोलावणी यायला लागली. शिकलेसवरलेले लोक हळूच विचारायचे, आमच्या यंत्रातपण ग्रह आहेत का हो?

सत्यशीलेनं वडिलांना फोन करून एकदाच विचारलं, "डब्याला हात लावून बघता का? किती तापतोय?"

"देवाचा हाय, तापणारच," पलीकडून उत्तर आलं.

तिनं महाराजांविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. तो कोणीतरी घेतला, वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. "मॅडम, तुमच्या वडिलांचीच तक्रार नसेल तर..." असं म्हणून साहेबांनी हात वर केले.

होळीच्या आधी, भर दुपारी, चरकाजवळ उभ्या असलेल्या कारभारीला आवाज बदललेला जाणवला. गुरगुर होती, तिची खरखर झाली. तो पॅनलकडं धावला, आतलं बटण दाबायला. पण दाराला धागा होता, लिंबू होतं, बाहुली होती. त्याचा हात तिथंच थबकला. जवळच्या मजुरांनी नंतर सांगितलं, तो बाहुलीकडं बघून हात जोडून काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात गिअरबॉक्सचं आवरण फुटलं. मोटर आणि डबा जोडणाऱ्या कपलिंगचा तुकडा गोफणीतल्या दगडासारखा सुटला आणि त्याला येऊन लागला. अंबडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत कारभारी राहिला नव्हता.

सत्यशीला पोचली तेव्हा आवारात दोन प्रकारचं रडणं चालू होतं. चांगुणाबाई नवऱ्यासाठी रडत होती. आणि बाकीचे रडता रडता म्हणत होते, "साखराबाईची हाय लागली. गेली, पर नजर सोडून गेली."

सत्यशीला बाजूला झाली आणि तिनं फोन काढला. माणूस मेला तरी ज्यांना तीच बाई आठवते, त्यांच्यासमोर काय बोलणार? महाराजांचा फोन बंद होता. देवानंदाचाही.

सुतक फिटल्यावर ती बदनापूरला गेली. साखराबाई बहिणीच्या दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं सत्यशीलेला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"साखराबाई, चला माझ्यासंगं. सगळ्यांसमोर खरं काय ते दाखवणार आहे मी. तुम्ही असायला पाहिजे."

"म्या कशाला?"

"तुमच्यावरचा डाग पुसायला."

साखराबाईनं सुपातला खडा वेचून टाकला. "ताई, डाग माझ्यावर कव्हा होता? ज्यांच्यावर हाय त्यांना दाखवा." मग जरा थांबून ती म्हणाली, "कारभारी दाजी चांगला माणूस होता. त्या दिशी त्यानं मला हात लावला न्हाई. पर सोडवलंबी न्हाई."

सत्यशीला एकटीच परतली.

तिनं सगळ्यांना बोलावलं तेव्हा काकासाहेब कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. महिन्याभरात म्हातारे झाले होते. गावकरी आले, शेतकरी आले, चांगुणाबाईला कोणीतरी हाताला धरून आणलं. ती बसली तशा शेजारच्या दोघी हळूच सरकून बसल्या. सत्यशीलेनं ते बघितलं.

ती आधी पॅनलपाशी गेली. लिंबू सुकून काळं पडलं होतं. तिनं कात्रीनं धागा कापला. कोणीतरी "अगं नको!" म्हणून ओरडलं. तिनं दार उघडलं.

"हा रिले," ती म्हणाली. "ह्यावर एक चकती आहे. भार किती वाढला की वीज तोडायची, ते ह्या चकतीनं ठरतं. मी ती मोटरच्या मापानं लावून दिली होती. आता बघा कुठं आहे." तिनं पुढच्या रांगेतल्या चार जणांना जवळ बोलावून दाखवलं. चकती पार शेवटच्या टोकाला फिरवलेली होती. "पडद्याआड देवानंदानं फक्त एवढंच केलं. राखणदाराचे डोळे बांधले. चरक थांबायचा बंद झाला, कारण थांबवणारा उरला नाही. भार तेवढाच होता. दात आतल्या आत झिजत होते. तुम्ही त्याला चमत्कार म्हणालात. आणि दार उघडून कोणी बघू नये म्हणून त्यानं ही बाहुली बांधली. कारभारी भाऊ ह्या बाहुलीपाशी थांबले. नसते थांबले तर आज इथं उभे असते."

चांगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"आणि रक्त?" मागून एक जण म्हणाला. "रगत तर आमी डोळ्यांनी बघितलं."

"अण्णा, या," सत्यशीला म्हणाली.

काकासाहेब उठले. फुटलेल्या गिअरबॉक्सच्या बुडाशी अजून तो नळ होता, त्यावर तेच लाल फडकं. लेकीनं फडकं सोडलं. "फिरवा."

त्यांनी नळाला हात घातला. नळ फिरला. परातीत काळपट लाल धार पडली. लोखंडाचा चुरा त्यात चमचमत होता.

"आता काय म्हणायचं?" सत्यशीलेनं विचारलं. "अण्णांचा पाय पांढरा? का ते विधवा आहेत?"

कोणी हसलं नाही.

तिनं पिशवीतून एक डबा काढला, झाकण उघडलं आणि परातीशेजारच्या वाटीत ओतलं. लालभडक, रक्तासारखं, पातळ. "हे गाड्यांच्या स्टेअरिंगचं तेल. शहागडच्या नाक्यावर कोणत्याही दुकानात मिळतं. रंग त्याला कंपनीच देते, गळती दिसावी म्हणून. ग्रहेश्वरानं पूजेच्या आदल्या रात्रीच यंत्रातलं घट्ट तेल काढलं आणि हे भरलं. त्या दिवशी नळ साखराबाईनं फिरवला म्हणून लाल आलं, असं नाही. मी फिरवला असता तरी लाल आलं असतं. महाराजांनी फिरवला असता तरी! म्हणूनच त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आणि हे पातळ तेल दातांमध्ये टिकतच नाही. लोखंडावर लोखंड घासत राहिलं. ज्या रक्तात ग्रह न्हायचे होते, त्याच रक्तानं ते ग्रह खाल्ले."

तिनं फुटलेल्या डब्यावरची आकड्यांची पट्टी फडक्यानं पुसली.

"यंत्र काही लपवत नाही," ती पुढं म्हणाली. "रोज किती ओढायचं, झटक्याला किती सोसायचं, किती तापायचं, सगळं त्याच्या छातीवर लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही. आपल्याला सोयीचा आकडा तेवढा वाचतो. मग ते मोडलं की दोष कोणावर? जिला नवरा नाही, भाऊ नाही, बोलायला तोंड नाही, तिच्यावर. मी तुम्हाला देव मानू नका म्हणत नाही. पण कोणी म्हणालं, 'परत तपासू नका, उघडू नका, विचारू नका,' तर तिथंच समजा की आत काहीतरी चोरी आहे. खऱ्याला दोनदा विचारलेलं चालतं."

तेव्हा पहिली गोष्ट अशी झाली की काकासाहेबांनी भिंतीला टेकून "मीच मारलं त्याला" असं म्हटलं, पण इतक्या हळू की जवळच्या दोघातिघांनीच ऐकलं. पुढं त्यांनी पोलिसांत जबाब दिला आणि त्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. खणातला जुना अर्जही वर आला. देवानंद सापडला. महाराज अजून सापडले नाहीत. जिल्ह्याबाहेर कुठंतरी, नव्या नावानं, ते दुसऱ्या यंत्रातल्या सूर्याला शांत करत असतील, असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट तिथंच, त्याच बैठकीत चांगुणाबाईनं केली. ती उठून उभी राहिली. शेजारी सरकून बसलेल्या बायकांकडं तिनं एकदा बघितलं.

"त्या दिशी मीच तिचा हात धरून ओढला," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "आज माझं कपाळ रिकामं झालं तर तुमी माझ्याजवळून सरकून बसल्या. उद्या ह्या गावात काही बी मोडू द्या. मोटर जळू द्या, बोअर आटू द्या. मंग तुमी माझ्या पायाकडं बघताल. बघताल का न्हाई? सांगा!"

सरकलेल्या दोघींपैकी एक बाई रडायला लागली, पण जागेवरून हलली नाही.

सत्यशीला पुढं झाली आणि चांगुणाबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला वाटलं होतं, आज आपण जिंकू. तसं काही वाटत नव्हतं. एक माणूस गेला होता, एक बाई गावाबाहेर ज्वारी निवडत होती आणि तिला परत यायचं नव्हतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. तुमच्या गावात, गल्लीत, कारखान्यात उद्या कुठल्या तरी नळाला रक्त येईल, मूर्तीच्या डोळ्याला पाणी येईल, भिंतीवर पावलं उमटतील. गर्दी एखाद्या बाईकडं बोट दाखवील. त्या वेळी हात जोडण्याआधी पुढं व्हा आणि तो नळ स्वतः फिरवून बघा. आणि तो कोणी फिरवू देत नसेल, तर आधी त्या बाईच्या अंगावरचे हात काढा.